टिंबांच्या जागा

मोडी कागदांच्या स्कॅनवर माझा प्रोग्राम पहिल्यांदा धड चालला, तेव्हा पानाच्या तळाची ओळही त्यानं सफाईदार देवनागरीत उतरवली. मोडीच्या एका जाणकारांना ती दाखवली. त्यांनी स्कॅन मोठा करून पाहिला. म्हणाले, "इथं तर कसरीनं खाल्लंय. हे तू कुठनं वाचलंस?"

मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली शक्यतो बोरू न उचलता लिहीत जातो. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एकेक अक्षर सुटं करून ओळखायची पद्धत इथे लंगडी पडते. म्हणून आजचे प्रोग्राम अख्खी ओळ एकदम घेतात आणि जे धूसर आहे ते आधी पाहिलेल्या मजकुराच्या सवयीनं ठरवतात. वाचणारा माणूसही तेच करतो म्हणा.

पण शुहूर सनाचं काय? 'सबा सितैन मया व अलफ' म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार: ११६७, इसवी सन १७६६-६७. थोरल्या माधवरावांची कारकीर्द. 'सितैन'च्या जागी 'तिसैन' वाचलं की साठाचे नव्वद झाले. कागद तीस वर्षं पुढे सरकला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जाऊन पडला. वाक्य मात्र दोन्हीकडे बिनचूक.

१९८९मध्ये यान लकून आणि बेल लॅब्जमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी बफेलोच्या टपालावरचे हस्तलिखित झिप कोडचे आकडे न्यूरल नेटवर्कला वाचायला शिकवले. सगळे मिळून नऊ हजारांवर आकडे. चुका १ टक्क्यावर आणायच्या तर किती आकडे 'वाचता येत नाहीत' म्हणून बाजूला काढावे लागतील, याचाही हिशोब त्या लेखात आहे. सरळ आहे, भलत्या गावी पत्र धाडण्यापेक्षा ते माणसाच्या हातात दिलेलं बरं.

माझ्या प्रोग्रामला ही अक्कल का नव्हती, हे शोधायला दोन रात्री गेल्या. शिकवण्यासाठी मी छापील खंडांतला मजकूर मूळ कागदांच्या चित्रांशी जुळवला होता. या खंडांत फाटलेल्या, न लागलेल्या जागी संपादक टिंबं देतात. डेटा साफ करताना टिंबं असलेल्या सगळ्या ओळी मी निकामी समजून काढून टाकल्या होत्या. दोन ओळींची स्क्रिप्ट, आणि ती लिहिल्याचा तेव्हा अभिमानही वाटला होता! प्रोग्रामनं वाचायचं सोडून दिलेली ओळ कधी पाहिलीच नव्हती. त्यामुळे कसरीच्या भोकाबद्दलही तो ठाम होता.

त्या ओळी परत घातल्या. आता पानं विद्रूप दिसतात, टिंबंच टिंबं. तळाची ओळ पुन्हा जाणकारांकडे नेली. तीनपैकी दोन जागा त्यांनी पेन्सिलीनं भरून दिल्या. तिसरी त्यांनी तशीच ठेवली.