१९०८ : वर्ग, गिरणी आणि बातमी

शाळेत राजकारण नको, कामाच्या जागी वर्तमानपत्र नको, असे म्हणणारे आजही भेटतात. हा विचार जुनाच आहे. वंगभंगाविरुद्ध चळवळ पेटली तेव्हा, ऑक्टोबर १९०५ मध्ये, बंगाल सरकारचे अधिकारी कार्लाइल यांनी परिपत्रक काढले. विद्यार्थी चळवळीत उतरले तर शाळा-कॉलेजांचे अनुदान व शिष्यवृत्त्या बंद होतील, अशी त्यात धमकी होती. परिणाम उलटा झाला. रंगपूरच्या विद्यार्थ्यांना दंड होताच तिथे नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय शाळाच निघाली.

मौलाना हसरत मोहानी यांनी १९०३ मध्ये बी.ए. होऊन अलीगढहून ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक सुरू केले. त्यात शेरोशायरीबरोबर राजकारणही असे. १९०८ मध्ये इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख त्यात आला. तो कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने लिहिला होता, असे सांगतात. मौलानांनी लेखकाचे नाव उघड केले नाही. सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. राजद्रोहाबद्दल सक्तमजुरी झाली आणि या शायराला तुरुंगात जाते ओढावे लागले.

मौलाना ज्यांना राजकारणात आपले गुरू मानत, त्या टिळकांनाही त्याच वर्षी, २२ जुलैला, मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरणी कामगारांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी खटल्याची बातमी साच्यापर्यंत पोहोचली होती. सहा वर्षांच्या शिक्षेबद्दल त्यांनी सहा दिवस संप केला. गोळीबार झाला, माणसे मेली.

म्हणजे बातमी दारावर अडत नाही. आज तर मुले ती मोबाइलवर पाहूनच वर्गात येतात. आपल्या समाजातील पालक आणि शिक्षक अशा वेळी ‘गप्प बस, धडा उघड’ म्हणतात. त्यामागची भीती खोटी नाही. पण विषय तिथे संपत नाही; तो नाक्यावर, अफवांच्या आधारे, आपल्या गैरहजेरीत चालू राहतो.

ही बातमी कोणी दिली, पुरावा काय, दुसरी बाजू काय, एवढे तीन प्रश्न वर्गात विचारता आले तरी पुष्कळ झाले. आणि एखाद्या मुलाने अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर त्याला एकटे पाडू नये. मौलानांनी १९०८ मध्ये एवढेच केले होते.