परवलीच्या शब्दाचे दोन तुकडे

प्रवासी बॅगेला चार आकडी कुलूप असते. आकडा ठाऊक नसलेल्या माणसाला ते उघडण्यासाठी जास्तीत जास्त १०,००० प्रयत्न करावे लागतील. आता त्याऐवजी दोन-दोन आकड्यांची दोन स्वतंत्र कुलपे लावली तर? पहिल्यासाठी १०० आणि दुसऱ्यासाठी १००, असे एकूण २०० प्रयत्न पुरतील. आकडे चारच राहिले, पण सुरक्षितता पन्नासाव्या हिश्शावर आली. वर्गात सहज करून दाखवता येईल असे हे गणित संगणकांच्या जाळ्यांत सुमारे वीस वर्षे प्रत्यक्ष वापरात होते.

१९८७ साली मायक्रोसॉफ्ट व थ्रीकॉम या कंपन्यांनी 'लॅन मॅनेजर' ही जाळ्याची प्रणाली आणली. परवलीचा शब्द संगणकात जसाच्या तसा साठवणे धोक्याचे असते. म्हणून त्यावर उलट फिरवता न येणारी गणिती क्रिया करून मिळणारी संख्या साठवतात. तिला हॅश म्हणतात. आपण तिला 'ठसा' म्हणू. लॅन मॅनेजरमध्ये ठसा घेण्यासाठी डी.ई.एस. ही १९७७ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेली कूटपद्धती वापरली होती. तिची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे आठ बिटांच्या सात अक्षरांएवढी. त्यामुळे शब्द १४ अक्षरांपर्यंतच धरून त्याचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे केले गेले आणि प्रत्येकाचा ठसा वेगळा घेतला गेला. त्याआधी सर्व इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत बदलली जात.

परिणाम काय झाला ते पाहू या. २६ अक्षरे आणि १० अंक धरले, तर १४ अक्षरी शब्द ३६ च्या चौदाव्या घाताइतके, म्हणजे सुमारे ६ वर २१ शून्ये एवढे होतात. सात अक्षरी तुकडे मात्र ३६ च्या सातव्या घाताइतकेच, म्हणजे सुमारे ७,८३६ कोटी. संगणकाला ही संख्या फार मोठी नाही. शिवाय शब्द सात किंवा कमी अक्षरांचा असेल, तर दुसऱ्या तुकड्याचा ठसा नेहमी एकच येई. नुसत्या नजरेने शब्द आखूड असल्याचे कळे.

यावरचा एक उपाय तोवर माहीत झालेला होता. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्स प्रणालीतील 'मिठा'ची युक्ती प्रसिद्ध केली होती. ठसा घेताना १२ बिटांची एक यादृच्छिक संख्या त्यात मिसळायची. मग एकाच शब्दाचे ४,०९६ वेगवेगळे ठसे संभवतात आणि आधीच तयार केलेले कोष्टक निरुपयोगी ठरते. लॅन मॅनेजरच्या ठशात मीठ नव्हते. २००३ साली लोझान येथील फिलिप ओक्स्लिन यांनी १.४ गिगाबाइटची कोष्टके आधीच तयार करून, अक्षरे व अंक यांपासून बनलेल्या शब्दांपैकी ९९.९ टक्के शब्द प्रत्येकी सरासरी १३.६ सेकंदांत शोधून दाखवले. तत्पूर्वी, १९९८ साली, मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने डी.ई.एस.ची किल्लीही ५६ तासांत शोधली होती.

मग ही पद्धत इतकी टिकली कशी? १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये तुकडे न पाडणारा नवा ठसा होता. जाळ्यावर ओळख पटवताना सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवतो आणि ग्राहक-संगणक आपल्या ठशाने तिचे कूट करून उत्तर देतो. पण समोरचा सर्व्हर जुना असला तर नवे उत्तर त्याला समजणार नाही. म्हणून एनटी दोन्ही उत्तरे पाठवी, जुने आणि नवे. तारेवर पाळत ठेवणाऱ्याला सोपे असलेले जुने उत्तर आयतेच मिळे. भक्कम दाराशेजारी खिडकी उघडी ठेवण्यासारखेच हे झाले.

१९९८ साली एनटीएलएमची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. विंडोज ९५ व ९८ साठी तिचा वेगळा जोड-प्रोग्रॅमही मिळू लागला. तरीही जुनी पद्धत आपोआप बंद झाली नाही. ती बंद करण्यासाठी ० ते ५ अशा पायऱ्या होत्या आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा होता. आधी सर्व ग्राहक-संगणकांना नवी पद्धत शिकवायची, मग त्यांनी जुने उत्तर पाठवणे थांबवायचे आणि शेवटी सर्व्हरने जुने उत्तर नाकारायचे. क्रम उलटला तर जुन्या यंत्रांवर काम करणारी माणसे बाहेर राहत. या भीतीने अनेक ठिकाणी शून्याची पायरी तशीच राहिली. आणखी एक गोष्ट विसरली जाई. जुना ठसा साठवणे बंद केले, तरी आधीचा ठसा पुढील वेळी शब्द बदलेपर्यंत तसाच राही. २००७ साली सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने जुना ठसा साठवणे मुळातच थांबवले. एनटीएलएमची पहिली आवृत्ती २०२४ च्या विंडोज ११ मधून वगळली गेली.

शाळेत देणगीतून आलेला एखादा जुना संगणक जाळ्याला जोडलेला असेल आणि त्याच्यासाठी सर्व्हरवर जुनी पद्धत चालू ठेवली असेल, तर त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागते. त्याच सर्व्हरवर विद्यार्थ्यांचे गुण आणि शिक्षकांची वेतनपत्रके असू शकतात. जाळ्याची ताकद त्यातल्या सर्वांत दुबळ्या, पण अजून मान्य असलेल्या पद्धतीवरून ठरते. असे यंत्र सुधारता येत नसेल, तर ते जाळ्यापासून वेगळे काढून टंकलेखनाच्या सरावासाठी वापरावे. आणि बॅगेच्या कुलपाचे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे. तीन तुकडे केले तर काय होईल, हेही त्यांना विचारावे.