समुद्राच्या तळावरची कौले

बुडालेले जहाज म्हटले की आपल्याला सोन्याच्या मोहरा आणि तोफा आठवतात. गोंदियासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात तर ही गोष्ट सिनेमातलीच वाटते. पण गोव्याजवळ बुडालेल्या एका जहाजातला माल आपण चटकन ओळखू. ती होती घरावरची कौले. आपल्याकडे त्यांना कवेलू म्हणतात.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ सेंट जॉर्ज रीफ नावाचा खडक आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी पाठीवर हवेची टाकी बांधून तेथे बुड्या मारल्या. तळाशी छपराची आणि आढ्याची कौले, धुराड्याच्या विटा, खांबांचे नक्षीदार माथे असा भाजक्या मातीचा माल पडलेला होता. त्यावर मंगळूरच्या बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हे साल होते.

मग जहाज १८६५ साली बुडाले का? तसे म्हणता येत नाही. मंगळूरचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. म्हणजे जहाज त्यापूर्वीचे नाही, एवढेच ठरते. अभ्यासकांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले आहे.

लाकडी सांगाडा मात्र राहिला नाही. स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज १६२८ साली बुडाले आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर आले. बाल्टिक समुद्र थंड आणि कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा सागरी किडा तेथे फारसा जगत नाही. आपल्या उबदार, खाऱ्या पाण्यात तो लाकडाचा फडशा पाडतो. खलाशी गेले, लाकूड गेले, उरली ती भट्टीत भाजलेली माती.

पण ही माती बोलते. कौले जड आणि फुटणारी. बैलगाडीने ती दूर नेणे परवडणारे नव्हते, म्हणून समुद्र हाच त्यांचा रस्ता. मंगळुरी कौले मुंबईपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत गेली ती जहाजांतूनच. राजांच्या इतिहासात न सापडणारा हा साध्या घरांचा इतिहास आहे.

म्हणूनच हौशी पाणबुड्याने आठवण म्हणून एखादे कौल उचलले, तर नुकसान त्या एका कौलाचे नसते. कोणता माल कुठे आणि कशावर पडला आहे, यावरूनच जहाज कसे बुडाले याचा अंदाज बांधता येतो. वस्तू हलली की तो पुरावा कायमचा पुसला जातो. युनेस्कोच्या २००१ सालच्या करारानेही असे अवशेष शक्यतो जागच्या जागी जपण्याला पहिली पसंती दिली आहे.

हा नियम जमिनीवरही लागू पडतो. जुने घर उतरवताना शिक्क्याचे कौल हाती आले, तर फेकण्यापूर्वी त्यावरचे नाव आणि घराचे ठिकाण वहीत लिहून ठेवा. आपल्या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता, हे कदाचित तेच सांगेल.