यंत्र घरात आलं, बाईचं मत कुठं गेलं?



आज आपण मुंबईच्या उपनगरांबद्दल बोलणार आहोत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं आपल्याला परकी नाहीत. कुणाचा दीर तिथं राहतो, कुणाची बहीण दिली आहे, कुणाचा मुलगा कामाला आहे. गावातल्या कितीतरी घरांत पहिला ट्रान्झिस्टर, पहिला मिक्सर, पहिला मोबाइल आला तो जत्रेला नाहीतर गणपतीला आलेल्या मुंबईकरांच्या पिशवीतूनच.

यंत्रासोबत आणखी एक गोष्ट यायची, ती म्हणजे मत. "हा मिक्सर घेऊ नको, भांडं गळतं." "त्या कंपनीचं नेट सारखं जातं." "पोराला त्या गेमपासून लांब ठेव बाई." अशा मतांना कुणी इतिहास म्हणत नाही. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या मतांचं काय झालं ते पाहिलं, तर आपल्या गटाला उपयोगी पडेल असं बरंच काही हाती लागतं. एकटीचं मत कुरकुर ठरलं आणि तेच मत चौघींनी मिळून मांडलं तेव्हा त्याची दखल घ्यावी लागली, असं वारंवार झालेलं दिसतं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. १९६०च्या दशकात मुंबईत परदेशी मिक्सर मिळत, पण ते फळांचा रस काढायला बरे. त्यात ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी हळद घातली की मोटर जळायची. मधुरी माथुर यांचा मिक्सर असाच बंद पडला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. आपल्याकडच्या वाटणाला टिकेल असं यंत्र पाहिजे, हे बाईंचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं आणि त्यातून 'सुमीत' मिक्सर तयार झाला. पाटा-वरवंट्याचं काम किती जोराचं असतं हे बाईला माहीत होतं. ते तिनं सांगितलं, कुणीतरी ऐकलं, म्हणून यंत्र बदललं.

पुढं १९७३ साली अंधेरी पूर्वेला 'सीप्झ' सुरू झालं. परदेशी पाठवायचा इलेक्ट्रॉनिक माल बनवण्यासाठी सरकारनं राखलेला हा औद्योगिक भाग. तिथल्या इलेक्ट्रॉनिकच्या कारखान्यांत बारीक सुटे भाग जोडायला मोठ्या संख्येनं मुली आणि बायका होत्या. लोकलमधून उतरून त्या कामावर जात आणि दिवसभर मान खाली घालून बारीक जोडकाम करत. तो माल जहाजानं नाहीतर विमानानं परदेशी जायचा. म्हणून "यंत्रातलं बाईला काय कळतंय?" असं कुणी म्हणालं, तर अंधेरीच्या त्या बायकांची आठवण करून द्या.

आता दूरचित्रवाणीकडे येऊ. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. 'आमची माती, आमची माणसं' आपल्याला ओळखीचं आहे, ते याच केंद्रावरचं. त्या काळी उपनगरातल्या अख्ख्या चाळीत एखादाच टीव्ही असे. रविवारी सिनेमा लागला की त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. रेडिओ आणि टीव्ही या दोन्हींना तेव्हा लायसन लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. त्या गर्दीचा एक फायदा असा होता, की यंत्र एकाचं असलं तरी त्यावरचं बोलणं सगळ्यांचं होतं. कुठला टीव्ही टिकाऊ, दुरुस्तीवाला कोण प्रामाणिक, हे नळावर आणि जिन्यात कळायचं.

त्याच १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि तेल, साखर, रॉकेल महागलं होतं. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा म्हणून तो आजही ओळखला जातो.

मोर्चा एका दिवसाचा असतो, घर मात्र रोज चालवायचं असतं. रोजच्या कामाची सोय दुसऱ्या एका चळवळीनं केली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानं ग्राहक चळवळ उभी राहिली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत साधी आहे. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा आणि महिन्याची यादी एकत्र द्यायची. माल घाऊक भावात येतो, एका घरी उतरतो आणि तिथं वाटून घेतला जातो. वजन, प्रत आणि हिशेब बायकाच पाहतात. मुंबई आणि आसपासची हजारो कुटुंबं अशी जोडली गेली. आपल्या बचत गटासारखंच हे काम. फरक इतकाच, की आपण पैसे जमवतो आणि त्यांनी खरेदी जमवली. डाळीत खडे निघाले तर तक्रार एका घराची राहायची नाही, ती संघाची व्हायची.

अशा ठिकठिकाणच्या चळवळींच्या रेट्यामुळे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन आपण पाळतो तो त्याचीच आठवण म्हणून.

पण एका वस्तूपुढं उपनगरातली बाईसुद्धा हतबल होती. ती वस्तू म्हणजे टेलिफोन. अर्ज केल्यावर फोन मिळायला वर्षानुवर्षं लागत. म्हणून लोक शेजाऱ्याचा नंबर देत आणि त्यापुढं 'पी.पी.' असं लिहीत. म्हणजे फोन शेजारी आला की त्यांनी हाक मारून बोलवायचं. १९८६ साली मुंबईच्या टेलिफोनचा कारभार महानगर टेलिफोन निगमकडे आला. हळूहळू पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ नाक्यानाक्यावर दिसू लागले आणि रात्री दर कमी झाल्यावर तिथं रांगा लागायच्या. तोवर तक्रार करून फारसा उपयोग नव्हता, कारण दुसरा फोन आणणार कुठून? मताला जोर यायला निवडीला वाव लागतो.

१९९१च्या आखाती युद्धानंतर केबल टीव्ही पसरला. विजेच्या खांबावरून, गच्चीवरून, झाडावरून काळ्या तारा घराघरांत गेल्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत आणि बोरिवलीच्या सोसायटीत तार सारखीच दिसायची. एका गल्लीला बहुधा एकच केबलवाला असे. त्याचं बिल, त्याचा दर आणि त्याचाच मूड.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. घरच्या ग्राहकाला पूर्ण जोडणीच्या अडीचशे तासांसाठी १५ हजार रुपये मोजावे लागत. इतका पैसा मोठ्या लोकांकडेच. १९९८ साली खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि दर उतरले. तरी नेट फोनच्या तारेतून यायचं. नेट चालू असलं की घरचा फोन अडकायचा आणि फोनचं बिल वेगळं चढायचं. माहेरचा फोन लागत नाही म्हणून वैतागलेल्या बाईचं इंटरनेटबद्दलचं पहिलं मत काय असेल, ते सांगायला नको.

मग केबलवालाच इंटरनेट देऊ लागला. टीव्हीच्या तारेशेजारून नेटची तार घरात आली. पुढं महानगर टेलिफोन निगमचं ब्रॉडबँड आलं. २००४च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं होतं. २०२३ पासून तीच किमान मर्यादा २ मेगाबिट, म्हणजे जवळपास आठपट झाली. हे आकडे सांगायचं कारण आहे. वेग कमी मिळतो असं नुसतं म्हटलं तर कंपनी दाद देत नाही. किती वेग कबूल केला होता आणि किती मिळतो, हे आकड्यात सांगितलं तर उत्तर द्यावं लागतं.

खेळांची कथाही इथंच येते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. तो हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालायचा. मग सायबर कॅफे आले आणि मुलं तासावर पैसे देऊन तिथं एकमेकांशी खेळू लागली. तिथंही खेळ घड्याळाला बांधलेला होता. खिशातले पैसे संपले की घरी यावं लागायचं.

मोबाइलनं हे चित्र पालटलं. १९९५ साली मुंबईत मोबाइल आला तेव्हा समोरून आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि त्याच वर्षी एका कंपनीनं ५०१ रुपयांत फोन हातात दिला. रिक्षावाला, भाजीवाली, घरकाम करणारी बाई, सगळ्यांकडे फोन दिसू लागला. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले. उपनगरातली गच्ची असो की आपलं शेत, एकच इंटरनेट दोन्हीकडे पोचलं.

स्वस्त झालं ते चांगलंच झालं. मुलींना फॉर्म भरता आले, गटाचे पैसे खात्यात आले, आपलं रेडिओचं बोलणंही फोनवर ऐकता येतं. पण एक गोष्ट नकळत गेली. टीव्हीपुढं चाळ जमायची, फोनपुढं कुणी जमत नाही. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, म्हणून फसवणूकही प्रत्येकाची वेगळी आणि गुपचूप. रिचार्जचे दिवस २८ का, पैसे कापले पण पॅक सुरू का झाला नाही, मुलाच्या खेळात पैसे कसे गेले, हे शेजारणीला कळतच नाही. मत आता दुकानाच्या पानावर तारे देऊन मांडायचं असतं, आणि ते तारे कुणी दिले हे आपल्याला ठाऊक नसतं.

तरी लोकांनी एकत्र मांडलेल्या मताची ताकद याच काळात दिसली. काही निवडक साईट फुकट आणि बाकीच्यांना पैसे, अशी योजना कंपन्यांनी आणली. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१५ साली लोकांची मतं मागवली. दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं असा दुजाभाव करायला बंदी घातली. हे ई-मेल पाठवणारे साधे ग्राहकच होते.

पैशांच्या खेळांचंही तसंच. २०२० साली पब्जीवर बंदी आली ती देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन. पण घरातल्या बायका वेगळंच सांगत होत्या. पैसे लावायच्या खेळांत पगार जातो, कर्ज होतं, माणूस रात्रभर झोपत नाही. हे दुःख घरोघरी पोचल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं त्यानं गुन्हा ठरवलं. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आहे. म्हणून घरात कुणी यात अडकलं असेल तर लपवू नका. कायदा झाला तरी नाव बदलून, लिंक पाठवून असे खेळ पुन्हा दारात येऊ शकतात.

फोन आणि नेटच्या तक्रारींबाबतही एक बदल ध्यानात ठेवा. २००९च्या एका निकालामुळे फोनच्या बिलाची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही, असं सांगून लोकांना परत पाठवत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की फोन कंपनीविरुद्धही ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९च्या नव्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

आता आपल्या गटाकडे वळू. उपनगरातल्या संघांनी डाळ-तांदळाचं जे केलं, ते आपण रिचार्जचं आणि यंत्राचं करू शकतो. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं याला द्या. वहीचं एक पान करा. कोणत्या कंपनीचं नेट गावात कुठं चालतं, कुणाचे पैसे विनाकारण कापले, कोणता मिक्सर वर्षात बंद पडला, ते तारखेनिशी लिहा. पावती आणि वॉरंटीचं कार्ड त्याच वहीत ठेवा. एकाच कंपनीबद्दल तिघींची तक्रार असेल तर तिघींनी मिळून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. फोनवरून पैसे लुबाडले गेले तर वाट न पाहता १९३० लावा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि घरात नवा फोन, नवा टीव्ही, नवी जोडणी घ्यायची ठरत असेल, तर खरेदी होण्याआधी बोला. हप्ता बहुतेक वेळा आपल्याच गटाच्या कर्जातून जातो. यंत्र साफ आपण करतो, बिघडलं तर पिशवीत घालून तालुक्याला आपणच नेतो. तेव्हा ते कोणतं घ्यायचं, हे ठरवताना आपलं मत विचारलं गेलंच पाहिजे. घरात विचारत नसतील तर गटात मांडा. पुढच्या बैठकीला वहीचं ते पहिलं पान भरा आणि त्यातली एक तक्रार आम्हाला कळवा. तुमची परवानगी असेल तर आपण ती रेडिओवरून सगळ्या गावांना ऐकवू.