गोलकृमी संसर्ग : निदान
आतड्यातील गोलकृमींचे निदान मुख्यतः मलतपासणीत, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी ओळखून होते. मोठ्या जंताचे अंडे तपकिरी, खडबडीत कवचाचे. चाबूककृमीचे पिंपासारखे, दोन्ही टोकांना बूच असलेले. अंकुशकृमीचे कवच पातळ, पारदर्शक. काटो-कात्झ या मलतपासणीच्या पद्धतीत ही नाजूक अंडी तासाभरात दिसेनाशी होतात, म्हणून काच लगेच पाहिलीच पाहिजे. पिनकृमीची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, त्यामुळे मलतपासणी बहुधा चुकते. सकाळी, मूल शौचाला वा अंघोळीला जाण्यापूर्वी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावतात. हत्तीरोगाचे गोलकृमी मात्र आतड्यात नसतात; त्यांच्या सूक्ष्म अळ्या रात्री रक्तात येतात, म्हणून भारतात हत्तीरोगासाठी रक्तनमुना रात्री घेतात. आतड्यातील सर्वांत फसवा गोलकृमी स्ट्राँगिलॉइडिस : मलात अंड्यांऐवजी अळ्या सापडतात, त्याही अधूनमधून. तो नजरेतून सुटला आणि रुग्णाला स्टेरॉइड दिले, तर जिवावर बेतू शकते.