नळदुर्ग, अडकित्ता आणि बंद पडलेला एसी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. हैदराबादहून मित्राच्या कॅम्पर व्हॅनमधून आजीला तुळजापूरला नेत होतो. वाटेत नळदुर्गचा किल्ला पाहिला. बाहेर येऊन गाडी सुरू केली, तर एसीतून नुसती गरम हवा! बाहेर ऊन रणरणत होतं आणि आजीला घेरी यायला लागली. तिला लिंबाखाली बसवलं, पाणी पाजलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला.

थोड्या वेळाने तरतरी आल्यावर म्हणाली, "ते पाण्यातलं महाल बांधणारे शहाणे होते रे. बंद पडायचं कामच नाही."

बोलणं लागलं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (1580-1627) बोरी नदीवर दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल बांधला. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे कोसळतात, समोर पाण्याचा पडदा, आत माणूस कोरडा आणि गार. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता ओढली जाते, म्हणजे विजेचं जवळपास दोन तृतीयांश युनिट. आजीच्या पंचातही तेच चाललं होतं. आणि गंमत म्हणजे आमच्या एसीतही तेच, फक्त पाण्याच्या जागी गॅस. त्याची वाफ होताना हवा गार होते, मग कॉम्प्रेसर त्याला दाबून पुन्हा कामाला लावतो.

मग फरक कुठे? बटणात!

पाणी महालाला बटण नाही, त्याचं बटण वरुणराजाकडे. मोटारीतल्या एसीलाही सुरुवातीला जवळपास नव्हतंच. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1939 मध्ये, 1940 च्या मॉडेलसाठी, कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. गार करणारं यंत्र डिकीत, आणि कॉम्प्रेसरला क्लचच नाही. इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. थंडीत नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा काढा! 1954 च्या नॅश गाड्यांत सगळं पुढे बॉनेटखाली आलं. पुढे विजेचा क्लच सर्रास झाला: बटण दाबा, रिले ओढला जातो, चुंबक क्लचला चिकटवतो, टक् आवाज येतो. सोय झाली. पण फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, वायर अशी बिघडायची चार ठिकाणंही त्याच सोयीने आणली.

आमच्याकडे ब्लोअर चालू, पण टक् नाही. फ्यूज शाबूत. हॉर्नचा रिले तसाच होता, तो बदलून पाहिला, काही नाही. मग इंजिन चालू ठेवून, पट्ट्यापासून हात लांब ठेवून मल्टिमीटर लावला. क्लचच्या पिनवर पूर्ण व्होल्टेज. पण क्लचच्या अर्थच्या वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर 6 व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य हवं. निम्मा जोर वाटेतच गळत होता, चुंबक ओढणार कशाने?

वायर बॉडीला जिथे बोल्टने लावली होती तिथे बघितलं. व्हॅनचा कॅम्पर करताना कुणीतरी त्या जागेवर छानसा रंग फासला होता. बोल्टच्या आट्यांतून कसाबसा संपर्क होता, खड्ड्यांनी तोही सुटला. इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर काढली. सँडपेपर कुणाकडे? आजीने पिशवीतून अडकित्ता काढून दिला. रंग खरवडून लखलखीत लोखंड काढलं, बोल्ट घट्ट केला, बॅटरी जोडून गाडी सुरू केली.

टक्.

मला वाटायचं आपण जुन्या लोकांच्या किती पुढे गेलो. थंडाव्याचं तत्त्व तेच राहिलंय, आपण कमावलं ते हवं तेव्हा चालू-बंद करणं. थोडी गोष्ट नाही ही, मे महिन्यात पाणी महालाचा धबधबा काही आपल्यासाठी सुरू होत नाही. पण प्रत्येक बटणामागे एक वायर असते आणि ती कुठेतरी एका बोल्टवर टेकलेली असते, एवढं ध्यानात ठेवावं.

असो. तुळजापूरला संध्याकाळी पोचलो. दर्शन छान झालं. आजी अजून सगळ्यांना सांगते की एसी तिच्या अडकित्त्याने दुरुस्त झाला. खरंच आहे ते!