तगाईपासून ई-व्हाउचरपर्यंत : गाडीच्या सबसिडीत ग्राहक कुठे आहे?

'अर्ज' हा शब्द मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ समोर मांडणे. 'तगाई'ही त्याच वाटेने आली. तिच्या मुळाशी 'बळ देणे' आहे. बैल, बियाणे, विहीर यांसाठी सरकार शेतकऱ्याला जी उचल देई, ती तगाई. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तिला चौकट दिली. ते कर्ज होते, फेडावे लागे. पण अर्ज शेतकऱ्याचा असे आणि रक्कमही त्याच्या नावावर पडे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्याकडे शिक्षकाला वस्तीतले फॉर्मही भरून द्यावे लागतात. अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो : "सर, इलेक्ट्रिक गाडीच्या सबसिडीचा अर्ज कुठे करायचा?" त्याचे उत्तर या योजनेच्या इतिहासात आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने विजेच्या वाहनांना मदत सुरू केली. वेगवान दुचाकीला ५,००० रुपये, मंद दुचाकीला ४,०००. मार्च २०१२ मध्ये ती थांबली आणि विक्री कोसळली. पुढे १ एप्रिल २०१५ पासून 'फेम' योजना आली आणि १ एप्रिल २०१९ पासून १०,००० कोटी रुपयांची 'फेम-२'.

फेम-२ मध्ये मदत बॅटरीच्या क्षमतेवर मोजली जाई. ३ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि कारखान्यातली किंमत १ लाख २० हजार, अशी गाडी धरू. २०१९ मध्ये दर किलोवॅट-तासाला १०,००० रुपये, पण किमतीच्या २० टक्क्यांची मर्यादा. म्हणजे २४,००० रुपये. जून २०२१ मध्ये दर १५,००० आणि मर्यादा ४० टक्के झाली. तीच मदत ४५,००० झाली. जून २०२३ मध्ये मर्यादा १५ टक्क्यांवर आली, मदत १८,००० वर. एप्रिल २०२४ च्या नव्या योजनेत जास्तीत जास्त १०,००० आणि 'पीएम ई-ड्राइव्ह'च्या दुसऱ्या वर्षी, एप्रिल २०२५ पासून, जास्तीत जास्त ५,०००. आकडा पंधरा वर्षांनी २०१० च्या जागी परत आला.

यात ग्राहक कुठे होता? फेममध्ये कंपनी बिलातून रक्कम वजा करी आणि नंतर सरकारकडून वसूल करी. ग्राहकाला वेगळा अर्ज करावा लागत नसे. रांग नाही, हेलपाटे नाहीत, ही मोठी सोय होती. पण ज्याच्या नावाने पैसा निघत होता, त्याला हिशेबात बोलायला जागा नव्हती. २०२२ पासून तक्रारी वाढल्या. देशी सुटे भाग वापरण्याची अट काही कंपन्यांनी पाळली नव्हती. काहींनी चार्जर वेगळा विकून गाडीची किंमत दीड लाखाच्या मर्यादेत दाखवली. २०२३ मध्ये कंपन्यांकडून अनुदान परत मागितले गेले आणि चार्जरचे पैसे ग्राहकांना परत द्यावे लागले.

पीएम ई-ड्राइव्हमध्ये ग्राहक कागदावर आला. खरेदीच्या वेळी आधारशी चेहऱ्याची पडताळणी, मग मोबाइलवर ई-व्हाउचर, त्यावर ग्राहकाची सही. ते सहीचे व्हाउचर असल्याशिवाय कंपनीला रक्कम मिळत नसे. एका आधारवर एकच दुचाकी. गंमत अशी, की मदत मोठी होती तेव्हा असे व्हाउचर नव्हते आणि ते आले तोवर मदत आटली होती.

दुसरी बाब गरीब ग्राहकाची. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या, नोंदणी न लागणाऱ्या स्वस्त गाड्या फेम-२ पासून या मदतीबाहेर राहिल्या. फेरीवाला, शिलाई काम करणारी बाई, शिकवण्या घेणारा मुलगा बहुधा हीच गाडी घेतात. त्यांना दुकानात 'सबसिडी मिळेल' असे कोणी सांगितले, तर नोंदणी होणार का हे आधी विचारावे.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपली उर्दू नावे मराठीत आणि इंग्रजीत अनेक तऱ्हांनी लिहिली जातात. मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद. शेख आणि शैख. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. आधारवर चालणाऱ्या व्यवहारात आधारवरचेच नाव बिलावर, नोंदणीत आणि विम्यात जसेच्या तसे घालून घ्यावे. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, हे गाडी पाहायला जाण्याआधीच तपासावे.

राज्याची मदत याहून वेगळी. महाराष्ट्राचे जुलै २०२१ चे धोरण मार्च २०२५ पर्यंत होते. त्यात दुचाकीला मदत होती आणि रस्ता करात माफीही. नंतर २०२५ चे नवे धोरण आले. केंद्र आणि राज्य या दोन्ही मदती बिलावर वेगळ्या ओळीत मागाव्यात.

या योजना दर वर्ष-दोन वर्षांनी बदलल्या आहेत. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याला काय मिळाले यावर हिशेब बांधू नये. खरेदीच्या दिवशी कोणती योजना चालू आहे ते पाहावे. व्हाउचर वाचून सही करावी, त्याची प्रत जपावी आणि 'फाइल'च्या नावाने कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. अर्ज कंपनीचा असला तरी सही आपली आहे आणि आपल्या नावावर किती रक्कम उचलली गेली हे विचारण्याचा हक्क त्या सहीबरोबर येतो.